बोळाचे तीन फूट

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे टेपवाले म्हणायचे. पगारपत्रकावर त्यांचं रीतसर नाव होतं, पण ते वाचायची वेळ महिन्यातून एकदा आणि तीही फक्त रोखपालावर यायची. माझी गतही फार वेगळी नव्हती. मला बेरीजबाई म्हणत. नगरपालिकेच्या रस्ते विभागात एकाच खिडकीखाली आमची टेबलं एकोणीस वर्षं शेजारी शेजारी होती. त्या एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी कामापलीकडे जे काही बोलले असेन, ते एका पानावर मावेल. माझा स्वभाव तिरसट, हे मी आधीच सांगून टाकते. घरात सासू, दोन दीर, दोन जावा, सगळ्यांची मिळून सहा मुलं आणि न्हाणीघर एकच. ऑफिसात तरी कोणी आपल्याशी बोलू नये, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं. टेपवाले ते न सांगता पाळायचे, त्यामुळे मला ते फार समजूतदार गृहस्थ वाटत.

आमचं काम असं. एखाद्या गल्लीला फुटपाथ किंवा झाकलेलं गटार हवं असलं, की तिथल्या घरमालकांनी सह्या गोळा करून अर्ज करायचा. निम्मा खर्च नगरपालिका करते, निम्मा त्या मालकांनी वाटून घ्यायचा. वाटणी फुटांवर. ज्याच्या घराची रस्त्याला लागलेली बाजू जितके फूट, तितका त्याचा वाटा. घर तीन मजली असो की पडकं, मालक डॉक्टर असो की हमाल, त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. कोपऱ्यावरच्या घराला दोन्हीकडून रस्ता, म्हणून दोन्हीकडचे फूट मोजले जातात. मग जन्मभर ‘आमचं कोपऱ्यावरचं घर’ म्हणून मिरवलेला माणूस एकदम ‘कोपऱ्यावर धूळ किती हो येते’ असं बोलायला लागतो. तर हे फूट मोजायचे टेपवाल्यांनी, आणि त्यांची बेरीज गल्लीच्या लांबीशी जुळते की नाही ते बघायचं मी.

टेप धरायला दोन माणसं लागतात आणि आमच्या विभागाकडे होतं एकच. म्हणून फार पूर्वी कोणीतरी रीत पाडली होती, की शून्याचं टोक घरमालकाने धरायचं. त्याने ते स्वतःच्या भिंतीच्या कोपऱ्याला अंगठ्याने दाबून ठेवायचं, टेपवाल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन आकडा मोठ्याने वाचायचा. मोजवहीत दोन सह्या व्हायच्या, एक मोजणाऱ्याची आणि एक शून्य धरणाऱ्याची. स्वतःच्या अंगठ्याखालून निघालेल्या मापात पाप आहे, असं मग कोणाला म्हणता येत नसे.

एकदा एका तंट्यापायी मलाही त्यांच्याबरोबर जावं लागलं होतं. तेव्हा मी पाहिलं, की ऑफिसात मिठाची गुळणी धरून बसणारा हा माणूस टेप उलगडली की वेगळाच होतो. "शून्य घट्ट धरा बरं का, नाहीतर घर पळून जाईल," असं ते प्रत्येक दारात म्हणायचे आणि समोरच्याच्या आधी स्वतःच हसायचे. अकरा घरं झाली, अकरा वेळा मी तो विनोद ऐकला. सातव्या घरापासून माझं डोकं दुखायला लागलं. पण लोक हसत होते. कोणी विचारायचं, पाणी देऊ का. कोणी मुलाच्या परीक्षेचं सांगायचं. एका म्हातारबाबांनी तर टेप धरल्या धरल्या स्वतःच्या मोतीबिंदूची सगळी हकिकत सांगितली. टेपवाले दुसऱ्या टोकाला उभे राहून "हो का? मग?" असं मोठ्याने विचारत होते. मोजून झाल्यावरही ते लगेच टेप गुंडाळत नसत. मला वाटलं, कामचुकारपणा.

मोजणी झाली की सुनावणी. पालिकेच्या सभागृहात गल्लीतले सगळे मालक येत आणि यादी वाचली जाई. मालकाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घर क्रमांक, फूट. ज्याचं नाव त्याने उभं राहून "हजर" म्हणायचं. मग विचारायचं, "हरकत?" बहुतेक जण "नाही" म्हणून खाली बसत, ज्याला भांडायचं असेल तो भांडे. यादी टेपवालेच वाचत. त्यांचा आवाज अशा वेळी खणखणीत लागे, आणि नाव कितीही लांबलचक असलं तरी ते गिळत नसत. "हजर" ऐकू आल्यावर मान वर करून त्या माणसाकडे एकदा नीट बघत आणि मगच पुढचं नाव घेत. त्यामुळे सुनावणी लांबायची आणि मला घरी जायला उशीर व्हायचा.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. सहाव्या दिवशी ते कामावर हजर झाले. मी म्हटलं, "वाईट झालं." ते म्हणाले, "हो." मी एक फाइल त्यांच्याकडे सरकवली, त्यांनी ती ओढून घेतली. एवढंच. त्यानंतर ते ऑफिस उघडायच्या तासभर आधी येऊन पायरीवर बसलेले असतात, असं शिपाई सांगायचा. संध्याकाळी सगळे निघाले तरी ते तेलाच्या फडक्याने टेप पुसत बसायचे, पन्नास फुटांतला फूट न् फूट. काय कामसू माणूस आहे, असं मी घरी जावेला सांगितल्याचं आठवतं. घरी दोन खोल्या आणि त्यात एकटा जीव. मला तर त्यांचा हेवा वाटायचा.

गेल्या वर्षी त्यांच्याच गल्लीचा अर्ज आला. अर्ज लिहिला होता गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी. अक्षर मोत्यासारखं, बावीस मालकांच्या बावीस सह्या. त्यात टेपवाल्यांची सही नव्हती. नसणारच, कारण ते मागे राहत. रस्त्याला लागून एका सायकलवाल्याचं घर आणि दुकान होतं. त्याच्या भिंतीला धरून तीन फुटी बोळ आत जायचा आणि बोळाच्या टोकाला टेपवाल्यांच्या दोन खोल्या. सायकलवाल्याच्या वडिलांकडून त्यांनी त्या तीस वर्षांपूर्वी विकत घेतल्या होत्या, जायच्यायायच्या हक्कासह. नियम असा, की बोळ पुढच्या घरात धरायचा. मागच्या घराला रस्ता लागत नाही, म्हणून त्याला फूट नाहीत, वाटा नाही आणि यादीत नावही नाही. गल्लीत त्या दोघा नवराबायकोंना ‘मागचे’ म्हणत.

स्वतःच्या गल्लीत स्वतः मोजायचं नसतं. पण साहेब म्हणाले, "दुसरा माणूस कुठून आणू? आणि त्यांचं घर यादीत येतच नाही, तेव्हा त्यांचा हितसंबंध कसला?" टेपवाले समोरच उभे होते. त्यांनी मोजवही काखेत घेतली. फक्त सुनावणीला यादी त्यांनी वाचू नये, ती बेरीजबाईंनी वाचावी, असं ठरलं. माझ्या कपाळाला आठी पडली, कारण चारचौघांत मोठ्याने बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं.

आठवड्याने मोजवही माझ्या टेबलावर आली. उजवी बाजू जुळली. डावी बाजू तीनशे दहा फूट, आणि घरांची बेरीज आली तीनशे तेरा. मी पुन्हा केली. तीनशे तेरा. एकोणीस वर्षांत या माणसाचा इंचाचा फरक मी पाहिलेला नव्हता. मला, खरं सांगते, आनंद झाला. डोळ्यात तेल घालून बसणाऱ्याला एक तरी चूक सापडावी लागते. मी बोट ठेवत ठेवत खाली आले. सायकलवाला, सत्तावीस फूट, बोळासह. त्याच्याखाली बारीक अक्षरात टेपवाल्यांचं पूर्ण नाव, आणि पुढे: तीन फूट. मोजणाऱ्याची सही त्यांची. शून्य धरणाऱ्याची सहीही त्यांचीच. तीन फुटांना दुसरा माणूस लागत नाही. दोन्ही हातांत दोन टोकं धरली की झालं.

मी वही घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. जाऊन काय, नुसती खुर्ची वळवली.

"हे काय आहे?"

"तीन फूट," ते वहीकडे न बघताच म्हणाले.

"तीन फूट मलाही दिसतंय. बोळ सायकलवाल्याच्या फुटांत आलाय ना? तोच परत तुमच्या नावावर कसा?"

"माझी वाट आहे ती."

"वाट आहे, पण घराला रस्ता लागत नाही. तुमचा वाटा शून्य. लोक एक फूट कमी व्हावा म्हणून आपल्या हातापाया पडतात, आणि तुम्ही नसलेले फूट लावून घेताय?"

"मी भरीन ना. उलट सगळ्यांचं थोडं थोडं कमीच होईल. कोणाचं काही जात नाही."

"माझी बेरीज जाते," मी म्हटलं. "ते मास्तर स्वतः बेरीज करून बघणारे आहेत. गल्लीपेक्षा घरं लांब निघाली तर अख्खी यादी रद्द होईल. हवंय कशाला तुम्हाला हे?"

ते टेबलावरची टेप जराशी बाहेर ओढून परत आत सोडत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांची नावं वाचतोय. माझ्या गल्लीत एकदा माझं वाचलं जावं, एवढंच होतं. मी पण तिथेच राहतो. यावेळी तुम्ही वाचणार, म्हणून म्हटलं."

यावर माणसाने काय बोलावं? काहीही बोललं असतं तरी चाललं असतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण सकाळीच सासूशी वाजलं होतं, सुनावणीची धास्ती होती, आणि जीभ माझीच. मी म्हटलं, "नाव ऐकायची एवढी हौस असेल तर घरी आरशासमोर बसून वाचा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या गल्लीची फाइल उघडली.

मी लाल शाईने ती ओळ खोडली, बाजूला सही केली, तारीख टाकली. नियमाने माझं शंभर टक्के बरोबर होतं. त्या वाक्याची लाज मात्र मला आजही वाटते.

सुनावणीला बावीसच्या बावीस मालक आले. टेपवालेही आले, पण आमच्या टेबलाकडे नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते शेवटच्या रांगेत, मालकांमध्ये बसले. मी वाचायला लागले. नाव, घर क्रमांक, फूट. हजर. हरकत? नाही. सायकलवाल्याने कुरकुर केली, की बोळाचे तीन फूट त्याच्या डोक्यावर का. साहेबांनी नियम सांगितला, तो बसला. त्याच्यानंतर मी एक क्षण थांबले. वहीत तिथे लाल रेघ होती. शेवटच्या रांगेतून टेपवाले माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होते, उठायच्या आधी ठेवतात तसे. मी पुढचं नाव वाचलं.

शेवटी मास्तर उठून म्हणाले, "मी स्वतः बेरीज केली. चोख आहे. अभिनंदन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नोकरीत मला मिळालेल्या त्या पहिल्या आणि शेवटच्या टाळ्या. लोक बोलत बोलत बाहेर पडले, फुटपाथ झाल्यावर कोण कुठे झाड लावणार वगैरे. टेपवाले खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत बसून होते. मग उठले, ओळीतून सरकलेली एक खुर्ची त्यांनी नीट लावली आणि निघून गेले.

दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. आम्ही वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांनी भाषणात त्यांना ‘आपले टेपवाले’ म्हटलं आणि सगळे हसले. टेप भांडारात जमा झाली. त्यांच्या जागी माणूस आलाच नाही, यंत्र आलं. भिंतीला टेकवून बटण दाबलं की समोर लाल ठिपका पडतो आणि आकडा दिसतो. घरमालकाला दारात यावंही लागत नाही. शेजारचं टेबल कोणीतरी उचलून नेलं, आणि मला हवी होती ती शांतता मिळाली. मी ती पंधरा दिवस उपभोगली. त्यानंतर मला त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसायची सवय लागली. घरी एवढी माणसं, पण हे कोणाला सांगावं असं एकही सापडेना.

फुटपाथचं काम संपलं तेव्हा पाहणीला मी जाते, असं मीच साहेबांना सांगितलं. ते चकित झाले. बेरीजबाई कधी खुर्ची सोडत नाहीत.

गल्ली ओळखू येत नव्हती. दोन्ही बाजूंना राखाडी फरशी, कडेला वीतभर उंच दगड. यादीतल्या प्रत्येक घरासमोर त्या दगडाला उतार दिलेला होता, म्हणजे गाडी चढवता यावी, म्हाताऱ्या माणसाला पाय उचलावा लागू नये. बावीस घरं, बावीस उतार. हे आमच्याच यादीवरून ठेकेदाराला जातं. मला ते एकोणीस वर्षं माहीत होतं आणि तरी कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. बोळाच्या तोंडाशी दगड सरळ गेला होता. आणि त्याच्या आत, फरशीवर, सायकली दाटीने उभ्या होत्या. त्यांच्या मागे बोळ आहे हे माहिती असलेल्यालाच कळलं असतं.

सायकलवाला चाक फिरवून बघत होता. मी म्हटलं, "ही वाट आहे ना? सायकली कशा?"

"बाई, सत्तावीस फुटांचे पैसे मोजलेत. तुमच्याच वहीत आहे, बघा." मग जरा नरमून म्हणाला, "कोणी जात येत नाही हो तिकडे. काकू होत्या तेव्हा शिवणकाम करायच्या, दिवसभर बायकांची रीघ असायची. आता कोण येणार?"

"आणि ते?"

"मागचे? असतात आत. सकाळी कडेकडेने अंग चोरून बाहेर येतात. मी म्हटलं होतं, सांगत जा, सायकली काढत जाईन. पण ते म्हणतात, असू दे, तुमचे फूट आहेत."

मी सायकलींपाशी जाऊन आत डोकावले. भिंतीभिंतींमधून लांबवर एक दार दिसत होतं, अर्धं उघडं. आत रेडिओ नाही, भांड्याचा आवाज नाही. मला हाक मारायची होती आणि काय म्हणून मारावी तेच कळेना. टेपवाले म्हणायला आता टेप नव्हती. काका म्हणावं इतकी जवळीक मी कधी केली नव्हती. हातात मोजवही होती. मी ते पान काढलं. लाल रेघेखालचं अक्षर अजून स्पष्ट वाचता येत होतं.

मी मोठ्याने वाचलं. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. घर क्रमांक. तीन फूट. माझा आवाज भर गल्लीत इतका चढला, की सायकलवाल्याच्या हातातलं चाक थांबलं आणि समोरच्या खिडकीत मास्तर आले.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हजर."

आवाज खणखणीत नव्हता. बरेच दिवस कोणाशी न बोललेल्या माणसाचा असतो तसा बसका होता. मला पुढचं विचारणं भागच होतं. रीतच तशी आहे.

"हरकत?"

दाराशी पांढरं काहीतरी हललं, शर्ट असावा.

"आहे," ते म्हणाले. "आत या, सांगतो. जरा पायाखाली बघून या, इथे फरशी नाही."

मी वही पर्समध्ये टाकली, पदर खोचला आणि पहिली सायकल उचलून बाजूला ठेवली.